रात्री सहा तास, दुपारी दीड तास: झोप दोन हप्त्यांत विभागायची तर

पहाटे चारला उठायचं, दुपारी ‘जरा पडायचं’ आणि रात्री बारापर्यंत वाचायचं, हा बेत कॉट बेसिसच्या खोल्यांमध्ये दर परीक्षेच्या तोंडावर ठरतो आणि आठ-दहा दिवसांत मोडतो. आळसामुळे नव्हे, क्रम उलटा लागल्यामुळे. रात्रीची झोप पहिल्याच दिवशी कापली जाते, आणि दुपारची झोप मात्र जमेल तेव्हा, जमेल तेवढी. करायचं असतं ते बरोबर उलट: आधी दुपारची झोप बसवायची, ती पक्की झाली की मगच रात्रीच्या झोपेला हात लावायचा, आणि पेपरच्या तीन आठवडे आधी सगळं पूर्ववत करायचं. हा शेवटचा भाग तर जवळजवळ सगळेच विसरतात.

सुरुवातीलाच एक हिशेब स्पष्ट करून घ्या. यात झोप कमी होत नाही. साडेसात तास लागत असतील तर साडेसातच राहतात, फक्त दोन हप्त्यांत. उलट दुपारी झोप लागायला आणि नंतर डोकं ताळ्यावर यायला मिळून पाऊण तास जास्तच खर्ची पडतो. पदरात पडतं ते एवढंच: पहाटेचे किंवा मध्यरात्रीचे दीड शांत तास, आणि दुपारनंतर चार ते आठ असा दुसरा ताजा पट्टा. ज्याला चारनंतर नुसतं पान उलटण्यापलीकडे काही जमत नाही त्याला हा सौदा परवडतो. ज्याला फक्त तास वाढवायचे आहेत त्याने या वाटेला जाऊ नये.

नेटवरची वेळापत्रकं बाजूला ठेवा

‘उबरमॅन’ म्हणजे दर चार तासांनी २० मिनिटं, दिवसात सहा वेळा, एकूण दोन तास. ‘एव्हरीमॅन’ म्हणजे रात्री तीन-साडेतीन तास आणि २० मिनिटांच्या तीन डुलक्या. महिनाभर काढलात की शरीर सरावतं, असं सांगितलं जातं. सरावतं ते शरीर नव्हे, तुमची तक्रार करायची सवय. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४ दिवस रोज सहाच तास झोपणाऱ्यांची एकाग्रता सलग एक-दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी ढासळली. त्यातली खरी गोम अशी की त्यांना स्वतःला आपण थोडेच पेंगुळलेले आहोत असं वाटत होतं. अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये अशा तुकड्या-तुकड्यांच्या वेळापत्रकांची शिफारस करू नये असाच निष्कर्ष काढला. तेव्हा पुढे जे आहे ते दोनच हप्त्यांचं, आणि एकूण झोप सात तासांखाली न नेणारं.

हे कोणी करू नये

१८ वर्षांखालच्या किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. दहावी-बारावीच्या मुलाची रात्र कापण्यात अर्थ नाही. फिट येणाऱ्यांनी लांबच राहावं, अपुरी झोप हे फिट येण्याचं नेहमीचं कारण आहे. बायपोलर आजार, वारंवारची अर्धशिशी, इन्सुलिन, झोप आणणारी औषधं यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मोठ्याने घोरणारे, झोपेत श्वास अडकून दचकून उठणारे यांनी आधी त्याची तपासणी करावी. आणि ज्यांना रात्री एरवीच झोप लागत नाही त्यांनी दुपारची झोप लावून घेतली तर रात्रीची उरलीसुरलीही जाईल.

कॉलेजची प्रॅक्टिकलं दुपारी एक ते तीन असतील तर दीड तासाची झोप आठवड्यातून तीनदा बुडणार हे उघड आहे. अशांनी रात्र सात तासांची ठेवावी आणि जमेल त्या दिवशी २० मिनिटांची डुलकी घ्यावी. तीही काही कमी नाही.

टप्पा १: सात दिवस फक्त नोंद

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. वहीचं एक पान घ्या, रोज पाच रकाने भरा: पाठ कधी टेकली, अंदाजे झोप कधी लागली, जाग कधी आली, चहा-कॉफी किती वाजता, आणि दुपारी पेंग कधी आली. शेवटचा रकाना लोक सोडतात. तोच सगळ्यात कामाचा आहे, कारण दुपारच्या झोपेची वेळ त्यावरूनच ठरते. बहुतेकांची पेंग एक ते तीनच्या दरम्यान येते. ती वरण-भातामुळे येते असं आपण म्हणतो, पण जेवण चुकवलं तरी ती येतेच. शरीराच्या घड्याळातच दुपारी एक उतार असतो. भरपेट जेवणाने तो नुसता खोल होतो.

शेवटच्या तीन दिवसांत दोन चाचण्या घ्या, रोज सकाळी अकराच्या सुमारास.

पहिली पट्टीची. रूममेटने ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरायची, शून्याची खूण तुमच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधोमध. त्याने न सांगता सोडायची, तुम्ही पकडायची. दहा वेळा करा आणि दहाही आकडे लिहा. १५ सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिक्रियेला साधारण ०.१७ सेकंद लागले, २० वर पकडली तर ०.२०. सरासरी काढत बसू नका. सगळ्यात वाईट दोन आकडे आणि पट्टी हातातून निसटली ती वेळ, एवढंच बघा. झोप अपुरी झालेला माणूस दहातली आठ वेळा ठीक असतो; उरलेल्या दोन वेळा तो जागेवरच नसतो.

दुसरी चाचणी तुमच्या अभ्यासाची: एकाच पातळीची अंकगणिताची किंवा तर्काची २० उदाहरणं, लागलेला वेळ आणि चुका. तीन दिवसांचे आकडे हा तुमचा पाया. पुढची प्रत्येक तपासणी याच्याशीच ताडून बघायची.

> तपासणी: आठवड्याची सरासरी झोप सात तासांखाली निघाली तर पुढे जाऊ नका. आधी दहा दिवस रोज तासभर लवकर झोपून थकबाकी फेडा. पाठ टेकल्यापासून पाच मिनिटांच्या आत झोप लागते ही अनेकांना फुशारकीची गोष्ट वाटते. बहुधा ती थकबाकीचीच खूण असते.

टप्पा २: आकडेमोड

तुम्हाला किती झोप लागते हे गजर न लावता काढलेल्या सुट्टीच्या दिवसांवरून कळतं. पहिले तीन दिवस सोडून द्या, तेव्हा मागची थकबाकी फिटत असते. चौथ्या दिवसापासूनची सरासरी धरा.

समजा ती साडेसात तास आली आणि सध्या तुम्ही रात्री ११.३० ते सकाळी ७ झोपता. यातले दीड तास दुपारी न्यायचे आहेत. दीडच का? झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं: हलकी झोप, मग गाढ, मग पुन्हा हलकी आणि शेवटी स्वप्नांची. माणसागणिक आणि रात्रीगणिक ते ७० ते १२० मिनिटांत कमी-जास्त होतं, त्यामुळे ९० हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण एक आवर्तन पूर्ण होऊ दिलं तर हलक्या झोपेतून उठण्याची शक्यता वाढते, म्हणून सुरुवात तिथून.

दीड तास कापायचे ते रात्रीच्या एकाच टोकाचे. पहाटे डोकं चालत असेल तर झोपायची वेळ तीच ठेवा आणि उठणं ५.३० वर आणा. रात्री उशिरा डोकं चालत असेल तर उठणं ७ लाच ठेवा आणि झोपणं १ वर न्या. दोन्ही टोकं पाऊण-पाऊण तास कापणारे फसतात, कारण शरीराच्या घड्याळाला धरून ठेवायला एकही ठाम वेळ उरत नाही. खाली सगळीकडे पहाटेचं उदाहरण घेतलं आहे. उशिरा जागणाऱ्यांनी तेच आकडे झोपायच्या वेळेला लावावेत.

पहाट कापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात होते आणि स्वप्नांची झोप शेवटच्या तिसऱ्या हिश्शात. म्हणजे तुम्ही कापता ती साखरझोप. दुपारचं पूर्ण आवर्तन तिची काहीशी भरपाई करतं, सगळी नाही. म्हणूनच रात्र सहा तासांच्या खाली न्यायची नाही. पाच अधिक अडीच असा हिशेब कागदावर जुळतो, गादीवर जुळत नाही.

आता कॅलेंडर. नोंद ७ दिवस, बसवणं १७, स्थिरावणं १४, परीक्षेआधी पूर्ववत करणं २१. एकूण ५९ दिवस.

> सावधान: पेपरला तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर सुरू करू नका. पदरात काही पडायच्या आतच परत फिरायची वेळ येईल.

टप्पा ३: खोली, जेवण, चहा

दुपारच्या झोपेचं खरं भांडण उजेडाशी असतं. खिडकीला पातळ पडदा असेल तर त्यावर गडद चादर दुहेरी करून कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा, कडेच्या फटी झाका. ते जमत नसेल तर सुती ओढणी किंवा पंचा चार पदरी घडी करून डोळ्यांवर. नाक मोकळं राहील इतकाच. आवाजासाठी मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग. कापसाचे बोळे आत सरकतात, ते नकोत. पंख्याच्या एकसुरी आवाजाची मदत होते, म्हणून हिवाळ्यातही तो कमी वेगावर चालू ठेवणारे चूक करत नाहीत.

उन्हाळ्याचं वेगळं आहे. अकोला-नागपूरकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. कूलरशिवाय पत्र्याखालच्या खोलीत दीड तास सलग झोप लागणं कठीण. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. झोपण्याच्या अर्धा तास आधी अंघोळ, जमिनीवर चटई, आणि कूलरच्या ताट्यांत पाणी आहे ना याची खात्री. वीज रोज दुपारीच जात असेल तर हा प्रयोग पावसाळ्यावर ढकला. गणपती-नवरात्रात घर मांडवाशेजारी असेल तर तेव्हाही सुरुवात नको.

रूममेटला आधी सांगा. ‘पावणेदोन ते पावणेचार खोलीत फोनवर बोलायचं नाही’ हे दारावर लिहून चिकटवलेलं बरं, तोंडी ठरलेलं तिसऱ्या दिवशी विसरतं.

जेवण पावणेएकपर्यंत उरकायचं, म्हणजे पाठ टेकेपर्यंत तास-सव्वा तास जातो. मेसमध्ये बाराला रांग नसते, दीडला असते. लवकर जायचं हे आणखी एक कारण. जेवल्या-जेवल्या आडवं झालं की आंबट ढेकर येतात, छातीत जळजळतं आणि झोप अर्ध्यावर तुटते. भात निम्मा करा, पोळी-भाजी तीच राहू द्या.

चहाचं गणित नीट समजून घ्या. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला सरासरी पाच-सहा तास लागतात, काहींना त्याहून जास्त. साडेअकराला झोपायचं असेल तर शेवटचा चहा साडेचारला. रात्री दहाच्या टपरीवरच्या कटिंगने झोप ‘लागते’ हे खरं, पण ती उथळ लागते. आणि सकाळी साडेअकरापासून दुपारच्या झोपेपर्यंत चहा पूर्ण बंद. जेवण झाल्यावर कोपऱ्यावरचा चहा पिऊन झोपायला येणारे आणि ‘मला दुपारी झोपच येत नाही’ म्हणणारे बहुतेक एकच असतात.

टप्पा ४: दुपारची झोप बसवणं (दिवस १ ते ५)

रात्र जशी आहे तशी: ११.३० ते ७. दुपारी बरोबर दोनला पाठ टेका, गजर २.२५ चा. एवढंच.

या पाच दिवसांत झोप लागलीच पाहिजे असं नाही. रात्री पुरेशी झोप घेतलेल्या माणसाला दुपारी लगेच डोळा लागत नाही, आणि सध्या तेच हवं आहे. सवय लावायची आहे ती झोपेची नव्हे, तर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, फोन दूर ठेवून डोळे मिटण्याची. फोन दूर म्हणजे हात लांबवूनही न पोचणाऱ्या ठिकाणी. गजर बंद करायला उभं राहावं लागलं पाहिजे. पाचव्या दिवसापर्यंत दोनच्या सुमारास डोळे आपोआप जड होऊ लागतात.

जेवल्यावर डाव्या कुशीवर घटकाभर पडायचं ती वामकुक्षी आपल्याकडे जुनीच. घटका म्हणजे २४ मिनिटं. हा टप्पा म्हणजे जवळजवळ तेवढंच, फक्त जेवणानंतर लगेच नाही.

२५ मिनिटांचाच गजर का? पाच-सात मिनिटं डोळा लागायला, उरलेली १८-२० हलकी झोप. यापुढे गाढ झोपेचं क्षेत्र सुरू होतं. चाळीस ते साठ मिनिटांच्या दरम्यान उठलात तर बहुधा गाढ झोपेतून उठता: डोकं दगडासारखं, तोंड कोरडं, कुठे आहोत हे कळायला क्षणभर लागतो, आणि पुढचा तासभर कशातच मन लागत नाही. ‘दुपारी झोपलं की दिवस वाया जातो’ म्हणणारे अर्ध्या-पाऊण तासाची झोप घेणारे असतात. एकतर २० मिनिटं, नाहीतर पूर्ण आवर्तन. मधला मुक्काम नाही.

> तपासणी: २५ मिनिटांनी उठूनही डोकं जड होत असेल, तर शरीर थकबाकीपोटी घाईघाईने गाढ झोपेत शिरतं आहे. टप्पा १ च्या तपासणीकडे परत जा.

टप्पा ५: रात्रीतून अर्धा-अर्धा तास (दिवस ६ ते १७)

तीन पायऱ्या, प्रत्येकी चार दिवसांच्या.

*दिवस ६ ते ९:* उठणं ६.३० ला. दुपारी अजून २५ मिनिटंच. एकूण झोप दहा-एक मिनिटांनी कमी पडेल, चालेल. ही किंचित भूकच पुढच्या पायरीवर दुपारची लांब झोप आणते.

*दिवस १० ते १३:* उठणं ६ ला. दुपारी आता थेट ९० मिनिटं; ४५ किंवा ६० ची मधली पायरी घ्यायची नाही. पाठ टेकायची १.५०, गजर ३.३५ चा. हे १०५ मिनिटं झाले, त्यातली दहा-पंधरा डोळा लागेपर्यंत जातात. गादीवर घालवलेला वेळ म्हणजे झोप धरणं ही इथली सगळ्यात महागडी चूक. त्या हिशेबाने रोज पाव तास कमी झोप होते आणि महिन्याने सात-साडेसात तास, म्हणजे अख्खी एक रात्र, गायब झालेली असते.

*दिवस १४ ते १७:* उठणं ५.३० ला. दुपार तशीच.

सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ हलवायची नाही. खरा खड्डा रविवारचा. मेसला फीस्ट असते, जेवण दीड-दोनला होतं, पोटाला तडस लागते, झोप तीनला सुरू होऊन पाचला संपते. रात्री मेस बंद, म्हणून बाहेर खाणं, परतायला उशीर. रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही, आणि सोमवारी साडेपाचचा गजर वाजतो तेव्हा चार-साडेचार तासच झालेले असतात. चार रविवार म्हणजे चार वेळा पहिल्यापासून सुरुवात. फीस्ट सोडायला नको. रांगेत पहिले उभे राहा आणि गुलाबजाम डब्यात घेऊन या.

उठल्यावर काय, हेही तितकंच महत्त्वाचं. सकाळी उठल्यापासून तासाभरात २०-३० मिनिटं बाहेर उजेडात. घरातल्या ट्यूबलाइटखाली साधारण शे-दोनशे लक्स प्रकाश असतो, ढगाळ दिवशीही बाहेर तो काही हजारांत असतो. शरीराचं घड्याळ बाहेरच्या उजेडावर लागतं. जानेवारीत मुंबई-पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. तेव्हा साडेपाचला उठून खोलीतले सगळे दिवे लावा, आणि सूर्य वर आला की बाहेर पडा.

दुपारी उठल्यावर तोंडावर गार पाणी, गॅलरीत किंवा रस्त्यावर दहा मिनिटं, मग चहा. पहिला अर्धा तास अवघड विषय घ्यायचा नाही. नकाशे, चालू घडामोडींची उजळणी, वह्या लावणं चालेल. आकडेमोडीचं काम सव्वाचारनंतर. उठल्या-उठल्या सोडवलेल्या पेपरात मार्क पडले नाहीत म्हणून हे सगळं सोडून देणारे बरेच भेटतात. त्यांना झोपेने नव्हे, त्या अर्ध्या तासाने फसवलेलं असतं.

झोप बुडाली तर? लेक्चर पाचपर्यंत चाललं, तर सहाला झोपू नका. चारनंतरची झोप रात्रीच्या खात्यातून वजा होते. त्याऐवजी रात्री तास-सव्वा तास लवकर पाठ टेका, आणि उठण्याची वेळ तीच. आठवड्यात एक-दोनदा असं झालं तर बिघडत नाही. सलग दोन आठवडे तीन-तीनदा झालं तर हे वेळापत्रक तुमच्या दिवसात बसत नाही.

> सावधान: या बारा दिवसांत पहाटे दुचाकी चालवू नका, निदान लांब अंतर नाही. पहाटे तीन ते पाच ही शरीराची सर्वांत सुस्त वेळ. दोन सेकंदांची झापड गाडीवर पुरेशी असते.

टप्पा ६: दोन आठवडे स्थिर

काही नवं करायचं नाही. दर तिसऱ्या दिवशी अकराला पट्टी आणि २० उदाहरणं. पहिले चार-पाच दिवस आकडे थोडे घसरलेले असतात; आठव्या दिवसापर्यंत ते पायाच्या पातळीला यायला हवेत. ‘मला ताजंतवानं वाटतं’ हा पुरावा धरू नका. २००३ च्या त्या प्रयोगातल्या लोकांनाही बरंच वाटत होतं.

दीड तासाच्या झोपेतून रोज डोकं जड घेऊन उठत असाल तर तुमचं आवर्तन ९० मिनिटांचं नाही. गजर दहा मिनिटांनी पुढे न्या, तीन दिवस बघा. फरक नसेल तर मूळ वेळेच्या दहा मिनिटं मागे आणून तीन दिवस. एका वेळी एकच बदल.

यांपैकी काही दिसलं तर थांबा: पट्टी सलग तीन तपासण्यांत दोनदापेक्षा जास्त निसटते, तीच ओळ तीन-तीनदा वाचावी लागते, बस थांबा सोडून पुढे जाता, क्षुल्लक कारणावरून रूममेटशी वाजतं, महिन्यात दुसऱ्यांदा सर्दी होते. थांबायचं म्हणजे त्याच रात्रीपासून साडेसात तास सलग, दुपारी काही नाही. सोडून दिल्यावर परत जुळायला चार-पाच दिवस लागतात.

एका खोलीच्या घरात राहणारे काही जण रात्र मधोमध तोडतात: घरचा टीव्ही चालू असतानाच नऊला झोपायचं, एकला उठून चारपर्यंत वाचायचं, मग पुन्हा चार ते सात. शांततेसाठी दुसरा इलाजच नसेल तर हे समजण्यासारखं आहे, पण यात रात्री एक ते चार दिवा डोळ्यांसमोर असतो आणि शरीराचं घड्याळ त्याच उजेडाने मागे ढकललं जातं. अशा वेळी छताचा दिवा न लावता पिवळसर बल्बचा टेबललॅम्प, वहीवरच पडेल इतका खाली. फोन-लॅपटॉपवरचं काम दिवसासाठी ठेवा.

टप्पा ७: परीक्षेआधीचा परतीचा प्रवास (२१ दिवस)

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते. तीन-चार महिने रोज दोन वाजता झोपून तुम्ही शरीराला शिकवलं आहे की दोन वाजले की बंद व्हायचं. नीटचा पेपर दुपारी २ ला सुरू होतो. यूपीएससी पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर २.३० ते ४.३०. जेईई मेनची दुपारची पाळी ३ ते ६. अभ्यासाला साथ दिलेली सवयच त्या दिवशी बाकावर डोळे मिटायला लावेल.

पेपर फक्त दुपारचा असेल तर:

*दिवस १ ते ३:* उठणं ६ ला, दुपार ९० मिनिटं.
*दिवस ४ ते ६:* उठणं ६.३० ला, दुपार थेट २५ मिनिटं.
*दिवस ७ ते ९:* उठणं ७ ला, दुपार २५ मिनिटं.
*दिवस १० ते २१:* दुपारची झोप बंद. पेपरच्याच वेळी, खुर्चीत बसून, पूर्ण वेळ लावून सराव पेपर. भरपूर उजेडात, पंख्याखाली, जेवण पेपरच्या आधी दीड-दोन तास.

पेपर सकाळीही असेल आणि साडेआठला केंद्रावर पोचायचं असेल तर उठणं ५.३० लाच ठेवा आणि झोपणं अर्ध्या-अर्ध्या तासाने ११.३० वरून १० वर आणा. झोप अलीकडे ओढणं हे पलीकडे ढकलण्यापेक्षा अवघड जातं, म्हणून अशा वेळी प्रत्येक पायरी तीनऐवजी चार दिवसांची करा आणि शेवटचा चहा तीनपर्यंत.

दहाव्या-अकराव्या दिवशी सराव पेपरात तीनच्या सुमारास पेंग येईलच. ती मोडायला झोपू नका, चहा ढोसू नका. उठून तोंड धुवा आणि उभ्याने दोन उदाहरणं सोडवा. सहसा पंधराव्या-सोळाव्या दिवसापर्यंत ती ओसरते. अठराव्या दिवसानंतरही तितकीच राहिली तर रात्रीची झोप पुरत नाही असं समजा आणि अर्धा तास वाढवा.

पेपरच्या आदल्या रात्री ‘आज आठलाच झोपतो’ असं करू नका. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे शरीर सर्वांत जागं असण्याचे तास असतात. तेव्हा पाठ टेकली की छताकडे बघत पडणं होतं आणि धास्ती वाढते. नेहमीच्या वेळेआधी पंधरा मिनिटं पुरे. हॉलतिकीट, पेन, पाण्याची बाटली दुपारीच काढून दाराशी ठेवा, आणि गजर दोन ठिकाणी लावा: एक फोनवर, एक रूममेटच्या फोनवर.